जुन्या पिनबॉलचे फ्लिपर ढिले पडलेत? कॉइल मागवण्याआधी हे बघा

यंत्र नव्यासारखं चमकतंय. प्लेफील्ड, म्हणजे चेंडू पळतो तो फळा, पुसून त्यावर मेण चढवलंय, रबरं सगळी नवी, पायांना नवं क्रोम, मागच्या काचेतला एकही दिवा बंद नाही. आणि फ्लिपरने, म्हणजे बटण दाबल्यावर उडणाऱ्या दांडीने, मारलेला चेंडू मात्र अर्ध्या वाटेवरून परत येतो. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही पहिल्या नंबरवर आहे, आणि ती घेऊन येणाऱ्याने बहुतेक वेळा नवी कॉइल आधीच मागवलेली असते. ती बसवतो, फरक पडत नाही, मग त्याहून ताकदवान कॉइल मागवतो. तीही बसवतो.

कॉइल म्हणजे तांब्याची तार गुंडाळलेलं रीळ; वीज मिळाली की ते लोखंडी कांडी, म्हणजे प्लंजर, आत ओढतं आणि फ्लिपर उडतो. ती चालते, नाहीतर जळते. वयामुळे 'जरा थकली' असं तिचं सहसा होत नाही. थकतं ते तिच्या आजूबाजूचं सगळं: स्विचचे संपर्क, नायलॉनची नळी, लोखंडी प्लंजर, फ्यूजची पकड. म्हणून माझ्या यादीत कॉइल जवळजवळ शेवटी येते.

हे लिहितोय ते मुख्यतः १९६० आणि ७० च्या दशकांतल्या विद्युत-यांत्रिक यंत्रांबद्दल. गॉटलीब, विल्यम्स, बॅली हे तिन्ही कारखाने शिकागोचे. आतमध्ये कॉम्प्युटर वगैरे काही नाही, नुसते रिले (विजेने चालणारे स्विच), स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणारे स्विच) आणि गुणांची एक मोटर. त्यानंतरच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांतही फ्लिपरची बांधणी बरीचशी तीच राहिली, त्यामुळे यातलं पुष्कळसं तिथेही लागू पडेल. जिथे पडत नाही तिथे तसं सांगेन.

एक अपेक्षा आधीच ठीक करून घ्या. फ्लिपर पहिल्यांदा आले १९४७ मध्ये, गॉटलीबच्या 'हम्प्टी डम्प्टी'वर. आज आपल्याला ओळखीची असलेली तीन इंची बॅट (फ्लिपरची चेंडूला मारणारी दांडी) १९६८ पासून दिसू लागली. तुमचं यंत्र त्याआधीचं असेल तर बॅट बहुधा दोन इंची असेल. तिच्याकडून नव्वदच्या दशकातल्या यंत्रासारखा फटका मागू नका. ती कारखान्यातून निघाली तेव्हाही तसा मारत नव्हती.

आधी लक्षणं नीट बघा

काच काढा, गेम सुरू करा आणि नुसती बटणं दाबून निरीक्षण करा. बॅट कशी वागते यावरून निम्मं निदान होतं.

• बॅट पूर्ण वर जाते, पण चेंडूला जोर मिळत नाही.

• बटण दाबल्यावर बॅट जेमतेम हलते, पण बोटाने वर उचलून दिली की बटण सोडेपर्यंत तिथे घट्ट उभी राहते. हे लक्षण लक्षात ठेवा, खाली त्याचा उलगडा येईल.

• बटण दाबून धरलं की बॅट वर टिकत नाही, खाली-वर तडतडत राहते.

• बटण सोडलं तरी बॅट सावकाश उतरते किंवा वरच अडकते.

• गेम सुरू केल्यावर छान, अर्ध्या तासाने मलूल.

• जळका वास येतो, किंवा फ्यूज उडतो. असं असेल तर प्लग काढा आणि सरळ शेवटच्या भागाकडे जा.

मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: एकच फ्लिपर ढिला आहे की दोन्ही? एकच असेल तर दोष त्या फ्लिपरच्या स्वतःच्या मंडळात, म्हणजे बटणापासून बॅटपर्यंत कुठेतरी. दोन्ही सारखेच ढिले असतील तर दोघांना मिळणाऱ्या विजेकडे किंवा यंत्राच्या उताराकडे बघा. दोन्ही फ्लिपर एकाच वेळी आपापल्या कारणाने बिघडणं अशक्य नाही, पण दोन्ही सारखेच बिघडले असतील तर सुरुवात सामायिक गोष्टींपासून करावी.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

उतार. नव्या पद्धतीच्या यंत्रांना साधारण साडेसहा अंश उतार देतात. तोच आकडा कुठेतरी वाचून लोक जुन्या यंत्राचे मागचे पाय उंच करून ठेवतात. विद्युत-यांत्रिक यंत्रांना साधारण साडेतीन अंश पुरतो. साडेतीनाचे साडेसहा केले की चेंडूला खाली ओढणारं बळ जवळजवळ दुप्पट होतं, आणि ८० ग्रॅमचा पोलादी चेंडू चढवायला फ्लिपर मात्र तेच जुने. फोनमधलं लेव्हलचं अ‍ॅप प्लेफील्डवरच ठेवून मोजा. काचेवर ठेवू नका, काच प्लेफील्डला समांतर असतेच असं नाही. पायांच्या खालचे आटे फिरवायचे, बस. 'फ्लिपर ढिले' म्हणून आलेली काही यंत्रं मी इथेच थांबून परत पाठवली आहेत.

बॅटचा कोन. यंत्र उलगडून पुन्हा जोडलं असेल तर हे हमखास बघायचं. बॅट विश्रांतीत असताना तिच्याकडे चेंडू आणणाऱ्या पट्टीच्या रेषेतच असली पाहिजे. जोडताना ती जरा वर बसवली गेली तर झोका अपुरा पडतो, आणि अपुऱ्या झोक्यात वेग कुठून येणार? खालून पकडीचा स्क्रू सैल करून कोन लावा. घट्ट करताना बॅट आणि बुश (बॅटचा दांडा फिरतो ती नळी) यांच्यात जाड पुठ्ठ्याएवढी फट राहू द्या. बॅट वर-खाली अगदी थोडी हलली पाहिजे. नाहीतर ती बुशवर घासते आणि बटण सोडल्यावर खाली यायला कंटाळते.

रबर आणि चेंडू. कडक, चकचकीत झालेलं रबर बदला. गंजाचे ठिपके पडलेला चेंडू फेकून द्या, ठेवलात तर तुमचं नवं मेण तो चार दिवसांत खरवडून काढेल.

आता प्लग काढा

नुसता कडेचा स्विच बंद करून भागत नाही. बऱ्याच यंत्रांत आतल्या सर्व्हिस सॉकेटमध्ये स्विच बंद असतानाही १२० व्होल्ट असतात. प्लग भिंतीतून काढून डोळ्यासमोर ठेवायचा, म्हणजे दुसरं कुणी तो लावणार नाही.

प्रत्येक फ्यूज काढून त्याची पकड बघा. पितळी चिमटा काळा-निळा पडला असेल किंवा फ्यूज त्यात सैल फिरत असेल, तर तिथे रोध तयार झालाय आणि चिमटा तापतोय. घासून, थोडा आत वाकवून घट्ट करा. रंग फार गेला असेल तर पकडच बदला, स्वस्त असते. फ्यूज मात्र लेबलवर लिहिलेल्या अँपिअरचाच बसवा. दहाच्या जागी वीसचा बसवून 'आता उडत नाही' म्हणणारे भेटतात. फ्यूज उडत नाही म्हणजे मग तार जळते, एवढाच त्याचा अर्थ. खालच्या पेटीला प्लेफील्ड आणि बॅकबॉक्सशी (मागच्या उभ्या पेटीशी) जोडणारे मोठे प्लगही एकदा काढून परत दाबून बसवा. नुसतं एवढं केल्यानेही पितळावरचा काळा थर थोडा खरवडला जातो.

इथे अर्ध्या-पाऊण ओहमसाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. हिशेब करून बघा. फ्लिपरच्या जाड तारेच्या वेढ्याचा रोध समजा अडीच ओहम आहे. वाटेत फक्त अर्धा ओहम मळ आला तर एकूण तीन झाले, म्हणजे व्होल्टेजचा सहावा हिस्सा मळातच खर्ची पडला. ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, त्यामुळे कॉइलला मिळणारी शक्ती जवळजवळ तीस टक्क्यांनी खाली आली. एसीवर चालणाऱ्या कॉइलचा खरा हिशेब याहून किचकट आहे, पण रोख हाच. दिव्याला अर्ध्या ओहमने काही फरक पडत नाही, फ्लिपरला पडतो.

खरा गुन्हेगार: टोकाचा स्विच

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक प्रकरणं इथेच संपतात.

फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वेढे असतात. एक जाड तारेचा, कमी रोधाचा, तो दणका देतो. दुसरा बारीक तारेचा, जास्त रोधाचा, तो बॅटला वर नुसता धरून ठेवतो. दणक्याचा वेढा सतत चालू राहिला तर काही मिनिटांत जळेल. म्हणून बॅटच्या यंत्रणेशेजारी एक पत्तीचा स्विच असतो, एन्ड-ऑफ-स्ट्रोक स्विच. मी त्याला टोकाचा स्विच म्हणतो. बॅट खाली असताना तो बंद असतो, म्हणजे त्याच्या पत्त्या टेकलेल्या असतात. त्यामुळे बारीक वेढा वगळला जातो आणि सगळा करंट दणक्याच्या वेढ्यातून जातो. बॅट वर पोचताच यंत्रणेचा दांडा पत्ती ढकलतो, स्विच उघडतो, आणि धरून ठेवणारा वेढा कामाला लागतो.

आता वरचं दुसरं लक्षण आठवा. पत्त्यांच्या टिकल्या काजळीने काळ्या झाल्या की बॅट खाली असतानाही स्विच उघडा असल्यासारखाच वागतो. दणका मिळतच नाही, फक्त धरून ठेवायची ताकद मिळते. म्हणून बॅट स्वतः उठत नाही, पण उचलून दिली की वर राहते. आणि तडतडत असेल तर धरून ठेवणारा वेढा तुटलाय, किंवा स्विच फार लवकर उघडतोय, किंवा त्याचीच एखादी पत्ती ढिली आहे.

या टिकल्या टंगस्टनच्या असतात, कडक धातू. साध्या कागदाने काही होत नाही. संपर्क घासायची चपटी बारीक कानस दोन टिकल्यांमध्ये घाला, बोटाने पत्त्या हलक्या दाबा आणि राखाडी धातू दिसेपर्यंत मागेपुढे ओढा. मग एक कोरं व्हिजिटिंग कार्ड तसंच ओढून भुकटी काढा. आता बॅट हाताने पूर्ण वर न्या. टिकल्यांमध्ये साधारण तीन मिलीमीटर फट पडली पाहिजे. फट फार मोठी, म्हणजे स्विच लवकर उघडतो आणि दणका मध्येच तुटतो. फट पडतच नाही, म्हणजे दणक्याचा वेढा अखंड चालू राहतो आणि कॉइल पुढच्या खेळात जळते. फट लावायला लांब पत्ती वाकवू नका, ती वाकडी झाली की परत सरळ होत नाही. तिला आधार देणारी आखूड, जाड पट्टी मुळाशी हलकी वाकवा.

मल्टिमीटरने खात्री करून घ्या. प्लग काढलेला असताना मीटर ओहमवर ठेवून कॉइलच्या बाहेरच्या दोन टोकांना लावा. बॅट खाली असताना आकडा दोन ते पाच ओहमच्या आसपास यावा आणि स्थिर राहावा. बॅट हळूहळू वर न्या: अगदी शेवटी आकडा एकदम उडी मारून दहापटींनी किंवा त्याहूनही वर गेला पाहिजे. खाली असतानाच आकडा नाचत असेल तर टिकल्या अजून मळक्या आहेत. वर नेऊनही आकडा वाढत नसेल तर स्विच उघडतच नाही, आणि तसं यंत्र अजिबात सुरू करू नका. कॉइल जळेल.

पेटीच्या कडेला, बटणामागे असलेला स्विचही त्याच टंगस्टनचा. विद्युत-यांत्रिक यंत्रांत फ्लिपरचा पूर्ण करंट त्यातूनच जातो, तेव्हा त्यालाही कानस मारा. तो अगदी सहज हाती लागतो, तरी बहुतेकांनी त्याला हात लावलेला नसतो.

सावधगिरीची सूचना: कानस फक्त या टंगस्टनच्या टिकल्यांनाच. इलेक्ट्रॉनिक यंत्रांत गुण नोंदवणाऱ्या स्विचना सोन्याचा मुलामा असतो, तो कानशीने एका फटक्यात जातो. आणि १९९२ च्या आसपास विल्यम्सने फ्लिपरचं नियंत्रण इलेक्ट्रॉनिक बोर्डाकडे दिलं. तिथे टोकाचा स्विच उलटा, म्हणजे एरवी उघडा असतो आणि कमी व्होल्टेजवर चालतो. त्याला वरचा उपाय करू नका.

वंगण नको

बॅट हाताने हलवून बघा. चाल मुलायम हवी. कुठे खरखर, अडथळा किंवा सैलपणा जाणवला तर यंत्रणा खोलायची वेळ झाली.

त्याआधी एक विनंती. कॉइलच्या नळीत तेल, ग्रीस, किंवा त्या प्रसिद्ध निळ्या डब्यातला फवारा मारू नका. पहिल्या दिवशी छान चालेल. मग त्यात कॉइलची काजळी आणि धूळ मिसळून काळा चिकट लगदा होतो, आणि शेजारच्या स्विचवर ठिणग्या उडत असताना ज्वलनशील फवारा मारणं मुळातच शहाणपणाचं नाही. ही नळी कोरडीच चालायला बनवलेली आहे.

खोलल्यावर काय बघायचं? प्लंजर म्हणजे कॉइलमध्ये शिरणारी लोखंडी कांडी. वर्षानुवर्षं ती आतल्या लोखंडी थांब्यावर आपटते. दोन्हींच्या टोकांना कडा फुटून बाहेर आलेल्या दिसतील, बोट फिरवलं की लागतात. ही कड नळीत अडकते, मग बॅट उतरत नाही. प्लंजर आखूडही होतो, त्यामुळे आत ओढायचं अंतर बदलतं. नायलॉनची नळी झिजून काळी, कधी तडकलेली असते. फार जुन्या यंत्रांत ती धातूची असते, ती काढून नायलॉनची घाला. प्लंजरला बॅटशी जोडणारा दुवा एका खिळीभोवती फिरतो. तिथलं भोक लांबट झालं असेल तर सुरुवातीचा झटका तिथल्या सैलपणातच विरतो. परत आणणारी स्प्रिंग कुणी जास्त ताठ घातली असेल तर कॉइलची निम्मी ताकद तिलाच ताणण्यात जाते.

हे सगळे भाग एकत्र मिळणारं दुरुस्ती किट असतं, थोड्या डॉलरांत मिळतं. तुमच्या कंपनीचं आणि त्या काळाचंच मागवा, गॉटलीबचं विल्यम्सला बसत नाही. एक फ्लिपर उघडलाच आहे तर दुसराही करून टाका, नाहीतर उजवा-डावा फरक खेळताना खटकत राहतो. यंत्र पुन्हा नव्यासारखं खेळायला लागतं ते इथे. प्लेफील्डच्या पॉलिशवर जेवढा खर्च होतो त्याच्या एका कोपऱ्यात हे काम होतं, तरी लोक पॉलिशपासूनच सुरुवात करतात. फोटोत दुवा दिसत नाही ना!

थांबा सैल असेल तर गुणगुण वाढते, त्याचे स्क्रू आवळा. एसीवरच्या फ्लिपरचा थोडा गुंजारव मात्र स्वाभाविक आहे, तो पूर्ण घालवायच्या नादी लागू नका.

आता कॉइल

टिकल्या स्वच्छ, यंत्रणा नवी, तरी जोर नाही? आता कॉइल मोजा. एका बाजूची तार सोडवून दोन्ही वेढे वेगवेगळे मोजा आणि शेजारच्या फ्लिपरशी ताडून बघा. दोन्हीकडे एकाच नंबरची कॉइल असेल तर आकडे जवळपास सारखे यायला हवेत. दणक्याच्या वेढ्याचा आकडा बराच कमी आला आणि वरचा कागद तपकिरी असेल, तर आतले वेढे एकमेकांत जळालेत. बदला, आणि बदलताना कागदावर छापलेला नंबरच मागवा. ताकदवान कॉइल घातली की चेंडू काचेला आपटतो, प्लॅस्टिकं फुटतात आणि जुन्या स्विचवर भार वाढतो. सोल्डरचे सांधेही बघा. जुनी तार हलवली की सांधा गोल फिरत असेल तर तो नुसता टेकलेला आहे.

तापल्यावर ढिला पडण्याबद्दल: तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.४ टक्के वाढतो. कॉइल ५० अंशांनी तापली तर रोध वीस टक्क्यांनी वाढला. म्हणजे थोडी मरगळ नैसर्गिकच. अर्ध्या तासात कॉइलला हात लावता येईनासा झाला तर टोकाच्या स्विचकडे परत जा.

दोन्ही ढिले असतील तर वीज

फ्लिपरची वीज गेम-ओव्हर किंवा टिल्टच्या (यंत्र जोरात हलवल्यावर खेळ थांबवणाऱ्या) रिलेमधून जाते. त्या रिलेचे संपर्क आधी स्वच्छ करा. ट्रान्सफॉर्मरवर एक जास्त व्होल्टेजचा टॅप (तार जोडायची वेगळी जागा) बहुधा असतो, ज्या काळात भिंतीतली वीज कमी पडायची त्या काळासाठी दिलेला. आज अमेरिकेतल्या घरांत १२० किंवा थोडी जास्तच मिळते, त्यामुळे त्या टॅपला हात लावायची वेळ क्वचित येते. तो लावून मळका स्विच झाकला जातो आणि यंत्रातली प्रत्येक कॉइल जास्त तापते.

यंत्र पुण्याला किंवा मुंबईला नेलं असेल तर आणखी एक. २३० वरून १२० करणारा ट्रान्सफॉर्मर लहान पडला की फ्लिपर दाबताच व्होल्टेज बसतं, दिवे मिणमिणतात आणि दोन्ही फ्लिपर मलूल होतात. भरपूर क्षमतेचा घ्या. ५० हर्ट्झवर गुणांची मोटर मूळच्या पाच-षष्ठांश वेगाने फिरते आणि यंत्राचा ट्रान्सफॉर्मर जरा जास्त तापतो, त्याला इलाज नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल. ट्रान्सफॉर्मरला वास येत असेल. वीज आणणाऱ्या वायरचं आवरण कडक होऊन तडकत असेल, किंवा मूळची दोन पिनांची वायर बदलून अर्थिंगवाली घालायची असेल आणि तुम्ही १२० व्होल्टचं काम कधी केलेलं नसेल. फ्लिपर ज्या लाकडात स्क्रूने बसतो ते लाकूडच फुटलं असेल. इलेक्ट्रॉनिक यंत्रात बोर्डावर हिरवट-पांढरी बुरशी दिसत असेल, म्हणजे बॅटरी गळली आहे. त्याच यंत्रांच्या गुणफलकाला १७० ते १९० व्होल्ट डीसी लागतात, तिथे बोट घालायची गरज नाही.

फोन करताना कंपनी, यंत्राचं नाव, साल, एकच फ्लिपर की दोन्ही, थंड असताना की तापल्यावर, आणि वर घेतलेले ओहमचे आकडे सांगा. दोन्ही फ्लिपरच्या खालच्या बाजूचा फोटो पाठवा, त्यात टोकाच्या स्विचच्या टिकल्या स्पष्ट दिसू द्या. कुणी फोनवरच 'कॉइल बदलू' म्हणाला तर दुसरा माणूस शोधा.